कासवांच्या वहीत खंड पडू देऊ नका : हंगाम २०२५-२६ साठी आवाहन

समस्त ग्रामस्थ, मुंबईकर मंडळी, माहेरवाशिणी आणि हितचिंतक यांस स. न. वि. वि.

हे पत्रक दिवाळीआधीच हातात पडायला हवं होतं. पण यंदा पाऊस जाता जाईना, कापलेलं भात आडोशाला नेताना सगळ्यांचीच त्रेधा उडाली, त्यात चिटणीसही आले. तेव्हा लांबण न लावता सांगतो. कासवांचा हंगाम दाराशी आला आहे, पहिली मादी कधीही पुळणीवर चढेल, आणि कासवं राखणाऱ्या आपल्या समितीच्या खात्यात आजमितीस ४१,३०० रुपये आहेत. एवढ्यात होळीपर्यंतही निभणार नाही.

लांबण लावणार नाही म्हटलं, तरी काही माणसांची आठवण काढल्याशिवाय पुढे जाववत नाही. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला कासवांची घरटी राखायला सुरुवात केली, तेव्हा आपल्याकडे अंडी बाजारात जात होती, हे लपवण्यात अर्थ नाही. आपल्यातल्याच काहींनी लहानपणी ती खाल्ली आहेत. ते काम पाहून चार-पाच वर्षांनी आपले मास्तर पेटले. पेन्शनच्या पहिल्या पैशातून त्यांनी जाळी आणली, आणि बांबू मागितले तेव्हा वरच्या वाडीतल्या आबांनी अख्खं बेट तोडून दिलं. बंदरावरच्या काकूंनी पहिली तीन वर्षं राखणदारांना रात्रीचा चहा पाठवला, एक कप कधी मोजला नाही. नालासोपाऱ्याच्या एका भगिनी दर गुढीपाडव्याला ५०१ रुपये पाठवतात. त्यांचं नाव छापायचं नाही अशी त्यांची सक्त ताकीद आहे, पण ओळखणारे ओळखतात. आणि आपले जुने तांडेल! जाळ्यात अडकलेलं कासव सोडवायला त्यांनी स्वतःचं जाळं कोयत्याने कापलं होतं. अशा जाळ्याची २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देणारी सरकारी योजना आली डिसेंबर २०१८ मध्ये. तांडेलांनी जाळं कापलं ते त्याच्या कितीतरी आधी. परत येऊन ते एवढंच म्हणाले, “डोळ्यांत पाणी होतं ओ त्याच्या.” खारं पाणी बाहेर टाकायला कासवाच्या डोळ्यापाशी ग्रंथी असतात हे मास्तरांनी त्यांना समजावलं. तांडेलांना ते आजही पटलेलं नाही.

मास्तरांनी आणखी एक गोष्ट केली, ती या पत्रकाचं खरं कारण आहे. त्यांनी वही घातली. साधी, लांबोडी, किराणा दुकानात उधारीला असते तशी. तारीख, भरतीची वेळ, मादी कुठे चढली, खड्डा किती खोल, अंडी किती, हॅचरीत (जाळीच्या कुंपणातल्या राखीव वाळूत) कोणत्या जागी पुरली, पिल्लं कधी वर आली, किती मेलेली निघाली. एका पानावर त्यांच्या अक्षरात आहे : “१२१ अंडी. दोन फुटलेली. कोल्ह्याने माग काढला होता, आम्ही आधी पोचलो.” अंडं उचलताना गोल फिरवायचं नाही, ज्या बाजूने ते घरट्यात बसलं होतं त्याच बाजूने नव्या खड्ड्यात बसवायचं, हे आपल्या पोरांना त्यांनी असं शिकवलं की आज परगावची माणसं ते पाहायला येतात.

३ जून २०२० ला ‘निसर्ग’ चक्रीवादळात कौलं उडाली, तेव्हा ही वही भिजली. आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. मास्तरीणबाईंनी एकेक पान सुटं करून तव्याच्या शेकावर वाळवलं. घरावर पत्रा नव्हता आणि बाई पानं वाळवत होत्या. त्या पानांना अजून धुराचा वास येतो.

आता कोणी विचारेल, एवढं काय आहे त्या वहीत? गेल्या पालखीच्या वेळी विचारलंही होतं, जरा हसून. त्याचं उत्तर देतो.

कासवाच्या अंड्यातून नर निघणार की मादी, हे वाळूच्या उबेवर ठरतं. वाळू गार तर नर जास्त, तापली तर माद्या जास्त, आणि फारच तापली तर आतली पिल्लंच मरतात. समुद्र आणि हवा तापत चालली आहे हे पेपरात सगळेच वाचतात. आपल्या पुळणीवर त्याचं काय झालं हे सांगायला मात्र त्याच पुळणीवरच्या सलग नोंदी लागतात. एक हंगाम गळला की मधली कडी तुटते, आणि ती मागाहून कोणालाही जोडता येत नाही.

दुसरं उदाहरण सगळ्यांना ठाऊक आहे. जानेवारी २०२२ मध्ये डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने आणि कांदळवन प्रतिष्ठानने वेळासला ‘प्रथमा’ नावाच्या मादीच्या पाठीवर उपग्रहाशी बोलणारं यंत्र बसवलं. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडलेला (आपल्या पुळणीवर येतं त्या जातीच्या कासवाला) असं यंत्र लागण्याची ती पहिलीच वेळ. पाठोपाठ आंजर्ल्याला ‘सावनी’, गुहागरला आणखी तिघी. पुढच्या वर्षी गुहागरहून निघालेली ‘बागेश्री’ तर श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली! आणि जानेवारी २०२५ मध्ये उलटंच घडलं. गुहागरला अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या परावर (वल्ह्यासारख्या पायावर) धातूचा बिल्ला निघाला, क्रमांक ०३२३३. तो तिला लावला होता २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर. पूर्वेची कासवं वेगळी आणि आपली वेगळी असं धरून चाललेल्यांना त्या एका बिल्ल्याने पुन्हा विचार करायला लावला.

पण तो बिल्ला वाचला कोणी? किनाऱ्यावर जागा असलेल्या माणसाने. मादी तासाभरात अंडी घालून, वाळू थोपटून परत जाते. तेवढ्या वेळात तिथे कोणी नसेल तर बिल्ला असून नसल्यासारखा. सगळं शास्त्र शेवटी आपल्या पोरांच्या झोपमोडीवर उभं आहे.

वहीची मागची पानं मेलेल्या कासवांची आहेत. ती वाचायला कोणाला आवडत नाहीत. पावसाळ्यात उधाणाबरोबर येतात ती : कोणाच्या गळ्याला तुटक्या जाळ्याचा फास, कोणाचं पुढचं पर मुळापासून गेलेलं, कोणाच्या तोंडाला समुद्रातून वाहत येणाऱ्या तेलकट डांबरी गोळ्यांचा चिकटा. आपले दर्यावर्दी मुद्दाम कासव मारत नाहीत, हे आम्ही प्रत्येक बैठकीत ठणकावून सांगतो. पण समुद्रात सुटलेलं नायलॉनचं जाळं कोणाच्या मालकीचं राहत नाही आणि कुजतही नाही. कुठलं जाळं, किती बोटं रुंद विणीचं, कोणत्या महिन्यात आलं, हे आपण दोन वर्षांपासून लिहू लागलो आहोत. जखमी कासव जिवंत असेल तर डहाणूच्या उपचार केंद्रापर्यंत न्यायचं म्हणजे गाडीभाडं आलं. मागच्या ऑगस्टमध्ये ते तिघांनी खिशातून भरलं.

थोडं मनातलं. गेल्या साली मुंबईत बैठक बोलावली, हॉलचं भाडं भरलं, आले सात जण. त्यातले दोघे पदाधिकारी. कासव महोत्सवाच्या दिवसांत घरोघरी पाहुणे उतरतात, चार पैसे मिळतात, चांगलंच आहे. पण समितीची देणगीपेटी उघडली तर त्यात चिल्लर आणि एसटीचं तिकीट. सभामंडपाच्या फरशीला मात्र आठ दिवसांत रक्कम उभी राहिली. देवाशी आमचं भांडण नाही. त्याच मंडपात देवासमोर दगडी कासव आहे, त्याला हात लावूनच आपण पुढे जातो, एवढंच सुचवतो. एका अहवालात आपल्या नोंदींचा तक्ता छापून आला, खाली गावाचं नावही नव्हतं. त्याचं मास्तरांना फार लागलं. “तक्ता बरोबर आहे ना? मग झालं,” असं म्हणाले खरे, पण चहा तसाच ठेवून उठले.

आता हिशेब. दोन राखणदार, सहा महिने, दरमहा ९,००० प्रमाणे १,०८,०००; जाळी, बांबू, टोपल्या आणि सावलीचं कापड २२,०००; वाळूत पुरायची तापमान नोंदणारी सहा यंत्रं ३३,०००; जखमी कासवांची ने-आण व औषधं २२,०००. एकूण १,८५,०००. शिल्लक वजा जाता हवेत १,४३,७०० रुपये. बाहेरून येणारं मानधन हंगाम उलटल्यावर येतं, राखणदाराचं पोट तोवर थांबत नाही. रोख खजिनदारांकडे, चेक समितीच्या नावे, खाते क्रमांक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर व मुंबई मंडळाच्या ग्रुपवर आहे (दुसऱ्या कोणी पाठवलेल्या नंबरवर भरू नये). पावती मिळेल, आयकर सवलत नाही. पैसे नसतील तर बांबू, सुतळी, जुन्या टोपल्या चालतील. आठवड्यातून एक रात्र दिलीत तर सर्वात उत्तम, त्यासाठी बारावी झालेल्या मुली-मुलांनी चिटणीसाला भेटावं. मागच्या हंगामाचा हिशेब व वही रविवार, १६ नोव्हेंबरला सकाळी १० वाजता शाळेत पाहायला ठेवली आहे. पानं उलटताना हात कोरडे ठेवा.

आपला,
चिटणीस
(समितीकरिता)

ता. क. : पत्रक छापायला देता देता पहाटे निरोप आला, सुरूच्या बनासमोर मादीचा माग दिसला. राखणदारांनी काठीने वाळू चाचपली, घरटं नाही. माग अर्ध्या वाटेवरून वळलेला आहे, बरोबर तिथून जिथे नव्या बंगल्याचा मोठा दिवा रात्रभर पुळणीवर पडतो. मालकांना विनंती केली आहे. नोंद वहीत घेतली आहे.