चार महिने

कोल्हापूर, रविवार रात्र

चि. बाळूस अनेक आशीर्वाद.

दुपारी फोनवर तू हसत हसत म्हणालास, "आण्णा, मालक म्हणतोय परमनंटच्या कागदांचा निम्मा खर्च तू घाल." तुझी आई शेजारी बसली होती म्हणून मी गप्प राहिलो. फोनवर काही विचारलं की तू 'बघू' म्हणून विषय मिटवतोस, म्हणून लिहितोय.

आक्काच्या पोराला बसवून ऑस्ट्रेलियात कायमचं राहायच्या, म्हणजे तुझ्या त्या परमनंटच्या, नियमांचं सगळं वाचून घेतलं. नॉमिनेशनचे, म्हणजे मालकानं तुझं नाव सरकारला सुचवायचे, 540 डॉलर आणि वर ती ट्रेनिंगची लेव्ही, म्हणजे सरकारी पट्टी, लहान कंपनीला 3,000, मोठीला 5,000. लेव्ही तर मालकानंच भरायची, ती कामगाराच्या अंगावर ढकलायला तिथला कायदा परवानगी देत नाही. तुझ्या व्हिसाची फी तुझी, ती भर, कमी पडलं तर सांग. पण मालकाचं बिल तुझ्या नावावर का फाडायचं?

दोन वर्षं पुरी व्हायला चार महिने राहिलेत, हे तू आज तीनदा बोललास. त्या चार महिन्यांपायी तू शनिवारी फुकट राबतोस हेही मला कळलंय. सूनबाईंनी सांगितलं, त्यांच्यावर चिडू नकोस.

अरे, परमनंटसाठी दोन वर्षं एकाच मालकाकडं काढायची, हे जुनं झालं. डिसेंबर 2024 पासून मान्यता असलेल्या कुठल्याही स्पॉन्सरकडचं, म्हणजे व्हिसासाठी तुझी हमी घेणाऱ्या मालकाकडचं, काम धरतात, शेवटच्या तीन वर्षांतली दोन भरली की झालं. नोकरी गेलीच तरी नवा स्पॉन्सर शोधायला एका वेळी 180 दिवस मिळतात, आधी 60 च होते. रिकामे दिवस मात्र धरत नाहीत, म्हणून आधी दुसरा बघ, मग हा सोड. पंचेचाळिशीच्या आत अर्ज गेला पाहिजे, तू चौतीसचा आहेस. घाई कसली? आणि व्हिसाची भीती घालून राबवून घेणं जुलै 2024 पासून तिथं गुन्हा आहे. पगाराच्या स्लिपा, हजेरी, त्याचे मेसेज, सगळं तुझ्या स्वतःच्या मेलवर पाठवून ठेव, कंपनीच्या कॉम्प्युटरवर नको. फेअर वर्क ऑम्बड्समन म्हणून कामगारांच्या तक्रारी बघणारं तिथलं एक सरकारी ऑफिस आहे, तिथं…

बघ, भाषण सुरू झालं. आई म्हणते तुमचं पत्र म्हणजे नोटीस असते. माफ कर.

आपल्या उद्यमनगरातल्या शेडमधला ओरिसाचा पोरगा आठवतो? तू तेव्हा डिप्लोमाला होतास, त्याच्याकडूनच मायक्रोमीटर धरायला शिकलास. ऑइल इंजिनच्या लायनरला असा बोअर काढायचा की बोट फिरवलं तर काचेवर फिरवल्यासारखं वाटायचं. त्याला मी वीस हजार उचल दिली होती आणि आयटीआयचं सर्टिफिकेट कपाटात ठेवून घेतलं होतं. सगळेच ठेवायचे. बहिणीच्या लग्नाला जातो म्हणाला, मी म्हटलं ही ऑर्डर जाऊ दे. ऑर्डर गेली, दुसरी आली. एका रात्री तो नुसती पिशवी घेऊन गेला. कागद इथंच राहिला. आज तुझा फोन झाल्यावर तो काढून बघितला. प्लास्टिकला ओल धरलीय, फोटोतला चेहरा निम्मा पुसलाय.

मी त्याला कधी शिवी दिली नाही रे. सणाला कपडे द्यायचो, घरी जेवायला बोलवायचो. पण तो माझ्यापुढं तुझ्यासारखाच हसायचा. आज फोनवर तुझं हसू ऐकलं आणि ते आठवलं.

गंगावेशीत दूध प्यायला गेलो की लोक विचारतात, पोरगं काय म्हणतंय? मी सांगतो, मेलबर्नला सीएनसी मशीनवर आहे, तिथल्या मिस्त्र्यांना सेटिंग शिकवतो. खोटं नाही ना ते? मग चार महिन्यांसाठी मान कशाला खाली घालायची? कागद नाहीच झाला तर शेड अजून आपलीच आहे, भाड्यानं दिलेली नाही. हे तुला परत बोलवायला लिहीत नाही. आईला तसं वाटू देऊ नकोस, ती लगेच तुझी खोली झाडायला घेईल.

निम्मा खर्च भरू नकोस. त्याला 'लेखी द्या' एवढंच म्हण.

शनिवारी सकाळी नऊला फोन करतो, तुमच्याकडं दुपार असेल. घरी असलास तर उचल.

तुझा,
आण्णा