डोळ्यातली सूज अंदाजाने नको, मोजून सांगा

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
स. न. वि. वि.

मी जत तालुक्यातला शिक्षक. माझ्या मुलीला बालसंधिवात आहे आणि त्याच्या जोडीने युव्हिआयटिस, म्हणजे डोळ्याच्या आतली सूज. डोळा लाल होत नाही, दुखत नाही. वर्गात बसलेली पाहून कुणाला शंकाही येणार नाही, पण आत नजरेचं नुकसान चालूच असतं.

ही सूज मोजताना डॉक्टर स्लिट लॅम्पचा, म्हणजे डोळे तपासायच्या दिवा लावलेल्या सूक्ष्मदर्शकाचा, एक मिलिमीटरचा चौकोनी झोत टाकून त्यात तरंगणाऱ्या पेशी मोजतात. २००५ च्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार ६ ते १५ पेशी म्हणजे सुजेची श्रेणी एक प्लस, १६ ते २५ म्हणजे दोन प्लस. पेशी हलतात, लेकरूही हलतं. आम्हाला एकाच आठवड्यात एकीकडे एक प्लस आणि दुसरीकडे दोन प्लस लिहून मिळालं. यात डॉक्टरांचा दोष मी मानत नाही. नुसत्या नजरेने इतकंच जमतं. पण त्या एका प्लसवर स्टेरॉइडचा डोस ठरतो. तो जास्त दिवस चालला तर मोतीबिंदू, काचबिंदूची भीती, आणि कमी पडला तर सूज वाढते.

पुढे मिरजेत खासगीत ओसीटी केलं, म्हणजे प्रकाशकिरणांनी डोळ्याच्या आतल्या थरांचं चित्र काढणारी तपासणी. हनुवटी टेकवली, समोरच्या खुणेकडे पाहिलं, काही मिनिटांत झालं. सुई नाही, डोळ्याला स्पर्श नाही. स्क्रीनवर काळ्या पट्ट्यात पांढरे ठिपके दिसत होते, त्याच त्या पेशी. डोळ्याच्या मागच्या पडद्याची जाडी मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, आली. पुढच्या भेटीत दोन्ही चित्रं शेजारी ठेवली, तेव्हा ठिपके कमी झालेत हे मुलीनेच बोट ठेवून दाखवलं.

हा खर्च आणि जत-मिरज हेलपाटा प्रत्येक वेळी कोणाला झेपणार? आटपाडी, कवठेमहांकाळच्या मजुराला तर नाहीच.

साहेब, अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून आहे. मोतीबिंदूची शिबिरं गावोगावी होतात, त्याचं समाधान आहे. आता सांगली जिल्ह्यातल्या सरकारी रुग्णालयात युव्हिआयटिसच्या रुग्णांसाठी ओसीटीचा ठरावीक वार ठेवा. यंत्र घेताना डोळ्याचा पुढचा भागही टिपता येईल असंच घ्या आणि ते चालवणारा तंत्रज्ञ कायम नेमा, नाहीतर ते कव्हरखालीच राहील. प्रत्येक तपासणीची प्रत रुग्णाच्या हातात द्या. यंत्र बदललं की जाडीचा आकडाही बदलतो, म्हणून त्या प्रतीवर यंत्राचं नाव छापलेलं असू द्या.

आपला,
जत तालुक्यातला एक पालक