ताई, ऑफिसात तुमचं नाव घ्यायचं राहून गेलं

ताई, नमस्कार.

हे पत्र एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात लिहायला पाहिजे होतं. पण तेव्हा बंद पडलेला मेल सर्व्हर परत सुरू केला म्हणून ऑफिसात माझाच उदोउदो चालला होता, साहेबांनी मीटिंगमध्ये उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या आणि मी पण येड्यासारखा हसत उभा राहिलो, तुमचं नाव काही तोंडातून निघालं नाही. घरी बायकोला सगळं सांगितलं तर ती एवढंच म्हणाली, "मग त्या ताईंचं काय?" तेव्हापासून ते डोक्यात आहे, म्हणून आता चारचौघांत लिहितोय.

30 मार्च, सोमवार, सकाळचे साडेनऊ. मार्चएंड म्हणजे काय ते तुम्हाला माहितीये, अकाउंट्सवाले आधीच अंगावर धावून येत असतात, आणि त्यात सगळ्यांच्या आऊटलूकवर खाली कोपऱ्यात 'डिस्कनेक्टेड'. बघितलं तर मेलबॉक्स डेटाबेस (सगळ्यांचे मेल ठेवणारी फाइल) डिसमाउंट म्हणजे बंद झालेला, लॉगचा (त्यातल्या प्रत्येक बदलाच्या नोंदींचा) ड्राइव्ह काठोकाठ भरलेला, एक एमबी साइजच्या लॉग फाइली दीड लाखाच्या वर. मी काय करणार होतो सांगू? सगळ्या सिलेक्ट केल्या होत्या. शिफ्ट डिलीट दाबायचंच बाकी होतं. काय सुचलं कुणास ठाऊक, तुमचा नंबर लावला, दोन वर्षांपूर्वी कंपनी सोडून गेलेल्या माणसाला सोमवारी सकाळी. तुम्ही उचलला, मी एका दमात सगळं ओकलो, आणि तुम्ही म्हणालात, "थांब, तिसरी शिट्टी होऊ दे, मग बोलते. तोवर कीबोर्डला हात लावू नकोस."

ती कुकरची शिट्टी व्हायला जो वेळ लागला ना, तेवढ्यात आमचा सर्व्हर वाचला.

नंतर तुम्ही पहिला प्रश्न डिस्कचा विचारलाच नाही. "शेवटचा बॅकअप कधी झालाय?" मी म्हटलं रोज रात्री होतो की. "होतो की होत असेल?" मी गप्प. मग तुम्ही ईएसईयूटिल स्लॅश एमएच (डेटाबेसची तब्येत सांगणारी कमांड) चालवायला लावलंत, त्यात स्टेट 'डर्टी शटडाउन', म्हणजे डेटाबेस अर्धवट बंद पडलेला, आणि खाली शेवटच्या फुल बॅकअपची तारीख नोव्हेंबरची. म्हणजे ज्या लॉग मी उडवणार होतो त्यातल्याच काही डेटाबेसला परत उभं राहायला लागणार होत्या. माझे हात गार पडले, खोटं नाही सांगत. आणि लॉग एवढ्या साचल्या का, तर बॅकअप नीट झाल्याशिवाय एक्सचेंज, म्हणजे आमचं मेल सर्व्हरचं सॉफ्टवेअर, त्या साफ करतच नाही, हे मला परीक्षेपुरतं पाठ होतं पण त्या सकाळी आठवलं नाही.

जागा कुठून करायची यावर मी नवीन डिस्कचं कोटेशन मागवायच्या गोष्टी करायला लागलो तर तुम्ही म्हणालात आधी त्या ड्राइव्हवर लॉगशिवाय काय पडलंय ते बघ. सहा जीबीची अपडेटची आयएसओ, म्हणजे इन्स्टॉलची फाइल! मीच टाकलेली, इन्स्टॉल झाल्यावर विसरलेली. ती उडवली, डेटाबेस माउंट केला, लॉग रिप्ले व्हायला (त्यातल्या नोंदी डेटाबेसमध्ये परत उतरायला) जेवढा वेळ लागला तेवढा वेळ मी खुर्चीत नुसता नखं खात बसलो, आणि साडेअकराला मेल सुरू. मग बॅकअप का अडला ते बघायला व्हीएसएसअॅडमिन लिस्ट रायटर्स, त्यात एक्सचेंजचा रायटर (बॅकअपसाठी डेटाबेस तयार करून देणारा भाग) 'फेल्ड', रेप्लिकेशन सर्व्हिस रीस्टार्ट केल्यावर तो ताळ्यावर आला. लगेच बॅकअप लावला, पहाटेपर्यंत चालला, आणि मंगळवारी सकाळी लॉगचा ड्राइव्ह असा मोकळा, जसं काही झालंच नव्हतं.

माझ्या मते काम संपलं होतं. तुमच्या मते आत्ता सुरू झालं होतं. "हे चार महिने कुणाला कळलं कसं नाही? आणि डेटाबेसमध्ये बेवारस मेलबॉक्स किती आहेत ते काढ, ती यादी मला वाचून दाखव."

गेट मेलबॉक्स स्टॅटिस्टिक्स ही कमांड मारून डिस्कनेक्ट रीझन असलेले, म्हणजे कुठल्याच युजरला न जोडलेले, सगळे काढले तर पडदाभर यादी. नेहमी काय होतं, मेलबॉक्स डिसेबल केला की तो 30 दिवस तसाच राहतो आणि मग सर्व्हर स्वतःच काढून टाकतो, म्हणून मी कधी तिकडे बघतच नव्हतो. पण आमच्याकडे 'बॅकअप होईपर्यंत कायमचं डिलीट करू नका' ही खूण कुणीतरी लावलेली (कुणीतरी म्हणजे मीच असणार, दुसरं आहेच कोण), आणि बॅकअप तर नोव्हेंबरपासून नाही. म्हणजे जाणारे गेले पण त्यांची गाठोडी तिथंच. वर मी डिसेंबरात बरेच मेलबॉक्स एका डेटाबेसमधून दुसऱ्यात हलवले होते, त्यांची जुनी प्रत 'सॉफ्ट डिलीटेड' म्हणून मागे राहिलेली, म्हणजे एकच माणूस दोन ठिकाणी जागा अडवून बसलेला.

मी लगेच स्क्रिप्ट लिहायला घेतली, रिमूव्ह स्टोअर मेलबॉक्स (मेलबॉक्स कायमचा पुसणारी कमांड), सगळ्यांना एकदम झाडू. तुम्ही तेव्हा पहिल्यांदा आवाज चढवलात. सॉफ्ट डिलीटेडवाले आधी, तेही नवीन जागी त्याच माणसाचा चालू मेलबॉक्स आहे हे एकेक बघून. डिसेबल केलेले एचआरला आणि त्या त्या डिपार्टमेंटला विचारून. कारण ही कमांड चालली की बॅकअपशिवाय परत यायचा रस्ता नाही. आणि खरंच, जानेवारीत सोडून गेलेल्या परचेसच्या माणसाच्या मेलबॉक्समध्ये एका सप्लायरबरोबर ठरलेल्या रेटचा मेल होता, तो परचेसवाले दोन महिने शोधत होते, रीस्टोअर रिक्वेस्ट लावून तो शेअर्ड मेलबॉक्समध्ये आणला तर त्यांनी मला वडापाव खिलवला. तो वडापाव पण खरं तुमचाच.

एक लाजेची गोष्ट पण सांगून टाकतो. यादीत 'हेल्थमेलबॉक्स' आणि पुढे लांबच लांब अक्षरं-आकडे अशी नावं बघून मी म्हटलं हा कचरा तरी उडवू द्या. तुम्ही हसलात. "अरे ती सर्व्हरची नाडी आहे, तो स्वतःलाच मेल पाठवून जिवंत आहे का बघतो." सिस्टममेलबॉक्स, आर्बिट्रेशनवाले (हे पण सर्व्हरच्या स्वतःच्या कामाचे), त्यांच्या पण वाटेला जायचं नाही, हे मी आता टेबलाच्या काचेखाली लिहून ठेवलंय.

एवढं साफ करून फाइलची साइज बघितली तर जेवढ्यास तेवढी. मला रडू यायचं बाकी होतं. तुम्ही म्हणालात, "गोदामातला माल उचलला म्हणून गोदाम लहान होतं का? रॅक रिकामे झाले ना, नवा माल तिथं बसेल." आत मोकळी जागा 70 जीबीच्या वर दिसत होती, ती बघून जीव भांड्यात पडला. मी डेटाबेस ऑफलाइन घेऊन डीफ्रॅग करू का, म्हणजे फाइल आवळू का, विचारलं त्यावर तुमचं उत्तर एका शब्दाचं होतं. (नाही. त्याला फाइलच्या 110 टक्के मोकळी जागा लागते आणि तेवढा वेळ मेल बंद. फाइल लहान करायचीच असेल तर नवा डेटाबेस काढून सगळे तिकडे हलवायचे, हे नंतर समजावलंत.)

मग बेवारस मेलबॉक्सची तिसरी जात. ज्यांचं लॉगिन एचआरच्या सांगण्यावरून बंद केलं पण मेलबॉक्स जोडलेलाच राहिला. हे डिस्कनेक्टेडच्या यादीत येतच नाहीत, 30 दिवसांचा नियम यांना लागूच होत नाही, वर्षानुवर्षं मेल येत राहतो आणि वाचणारं कुणी नाही. आमच्या स्टोअरचे मामा 2021 मध्ये कोविडमध्ये गेले. त्यांच्या मेलबॉक्समध्ये अजून रोज गेट एंट्रीचा रिपोर्ट येत होता. आकडा बघूनच गलबलून आलं. तुम्ही म्हणालात आत वाचत बसू नकोस, पीएसटी (मेलबॉक्सची फाइलमधली प्रत) काढून एचआरकडे दे, त्यांनी लेखी हो म्हटलं की डिसेबल कर, आणि रिमूव्ह वापरू नकोस, त्यानं एडीतला (सगळ्यांच्या लॉगिनच्या यादीतला) युजरच उडतो. तसंच केलं.

त्याच यादीत खाली तुमचं नाव होतं.

फोनवर तुम्हीच म्हणालात, "माझा उघडून बघ, माझी परवानगी आहे." इनबॉक्समध्ये तुमचं म्हणावं असं काहीच नव्हतं, जाताना सगळं आवरून गेला होतात. होते ते फक्त बॅकअप सॉफ्टवेअरचे मेल, रोज रात्री एक, दोन वर्षांचे. नोव्हेंबरपर्यंत सक्सेस, सक्सेस, सक्सेस. आणि मग फेल्ड. फेल्ड. फेल्ड. सगळे न वाचलेले, ठळक काळ्या अक्षरात. सर्व्हर चार महिने रोज रात्री ओरडत होता आणि ते ओरडणं बंद लॉगिनच्या मेलबॉक्समध्ये जाऊन पडत होतं. तुमच्या हँडओव्हर फाइलमध्ये चौथ्या ओळीत होतं, 'बॅकअप अलर्टचा अॅड्रेस बदलून घे'. ती फाइल मी त्या दिवशी पहिल्यांदा उघडली.

तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. "सापडलं ना, मग झालं. आता माझा पण उडव," एवढंच. मी तुमच्या जागी असतो तर वर्षभर टोमणे मारले असते. पैशाचं विचारलं तर म्हणालात पैसे नकोत, फक्त अलर्ट परत कुणा एकाच्या नावावर लावू नकोस.

नाही लावला. आता ग्रुपवर येतो, मी, अॅडमिनचा मुलगा आणि साहेब. साहेबांना मुद्दाम घातलंय, एक्सचेंज 2016 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 लाच संपलाय आणि माझं मायग्रेशनचं प्रपोजल त्यांच्या टेबलावर धूळ खातंय, रोज एक मेल आला की आठवण तरी राहील. आणि आज सकाळी साहेबांना सांगितलं की त्या टाळ्या कुणाच्या होत्या. ते म्हणाले, मग त्यांनाच परत बोलवायचं का? ताई, सांभाळून, फोन येईल.

कालच्या रात्रीचा सक्सेसचा मेल तुम्हाला दाखवावा म्हणून फॉरवर्ड करायला गेलो, नावाची दोन अक्षरं टाकली की आऊटलूकनं जुना अॅड्रेस स्वतःच भरला, मी पाठवला आणि लगेच बाउन्स होऊन परत आला.

तुमचाच,
सर्व्हर रूममधला