पोह्यांच्या गाडीवरची वाफ

इंदूर, १२ एप्रिल

तीर्थरूप आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही 'पोर्शन संपला का?' असे विचारलेत आणि मी 'हो' म्हणून मोकळी झाले. ते खरे नव्हते. उष्णतेचे प्रकरण मी पुन्हा पहिल्यापासून शिकवायला घेतले आहे, आणि त्याला निमित्त झाली एक पोह्यांची गाडी.

चाचणीत मी 'गुप्त ऊष्मा', म्हणजे आपली अप्रकट उष्मा (तापमान न वाढवता पाण्याची वाफ करण्यात खर्ची पडणारी उष्णता), हिची व्याख्या विचारली होती. मागच्या बाकावरच्या एका मुलाने ती जागा कोरी सोडली आणि मी शून्य दिले. पुढच्या रविवारी पोहे आणायला गेले, तर वडिलांच्या गाडीवर तोच उभा. इथे पोह्यांची परात उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर ठेवतात, हे तुम्हांला ठाऊक आहेच. परात उचलताना त्याने आधी एक कड किंचित वर करून वाफ पलीकडे जाऊ दिली आणि मला म्हणाला, "मॅडम, पानी से ज़्यादा भाप जलाती है." एक ग्रॅम वाफेचे पाणी होताना सुमारे ५४० कॅलरी उष्णता बाहेर पडते आणि तेच पाणी अंगाच्या तापमानापर्यंत निवताना जेमतेम साठ, हे मी बारा वर्षे फळ्यावर लिहीत आले, त्याच्या मनगटावर त्याचा डाग होता.

मात्र अनुभवाला सगळेच कळते असेही नाही. वाफ पाण्यापेक्षा जास्त तापलेली असते, अशी त्याची पक्की समजूत होती. सोमवारी वर्गात शेगडी मांडली आणि तापमापी त्यालाच धरायला लावली. पाण्यात ९८ अंश, वरच्या वाफेतही ९८. तो गप्प झाला. मग इतर मुलेच १०० का नाही म्हणून भांडू लागली आणि इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंच आहे, इथे हवेचा दाब कमी, म्हणून पाणी १०० च्या आधीच उकळते, इथपर्यंत गाडी गेली. अठराव्या शतकात ग्लासगोला शिकवणाऱ्या जोसेफ ब्लॅक यांनाही, उष्णता देत असताना तापमान हलत नाही, याच गोष्टीने विचारात पाडले होते. त्या दिवशी व्याख्या मी सांगितलीच नाही, मुलांनी आपल्या मोडक्यातोडक्या शब्दांत केली. (बाबा, तुम्ही असतात तर तिच्यातल्या व्याकरणाचे गुण कापले असतेत.)

त्या मुलाचे शून्य मात्र वहीत तसेच आहे, कारण गुण विद्यापीठाला पाठवून झाले आहेत. याची रुखरुख जात नाही.

आई, ग्वाल्हेरच्या माजघरातल्या सुरईला तू ओले फडके गुंडाळायचीस आणि श्रावणात मात्र 'आता ही काही कामाची नाही' म्हणून माळ्यावर टाकायचीस. दमट हवेत पाणी फारसे उडून जात नाही, मग सुरईची उष्णता तरी कोण नेणार? तुझ्या या सवयीवर पुढचा तास घ्यायचा आहे. सुरई अजून असेल तर मोडीत देऊ नकोस. मे महिन्यात येईन तेव्हा तापमापी घेऊनच येईन. बाबांना म्हणावे, गुडघ्याचे तेल संपत आले असेल तर कळवा, येताना आणते.

तुमची,
ताई