निर्गुडीच्या गोळ्या आणि आईचे गुडघे

तीर्थरूप बाबांस,

शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

तुमचे पत्र आणि सोबतचे पत्रक पोहोचले. आईच्या गुडघ्यांसाठी निर्गुडीच्या अर्काच्या गोळ्या सुरू कराव्यात का, असे तुम्ही विचारले आहे. पत्रकातल्या ‘प्रयोगशाळेत सिद्ध, डायक्लोफेनॅकइतकाच गुणकारी’ या वाक्याखाली (डायक्लोफेनॅक म्हणजे दुखणे व सूज कमी करणारे नेहमीचे औषध) रेघ मारून, तू वनौषधी तपासण्याच्याच कामात आहेस तर खरे काय ते सांग, असेही लिहिले आहे. हो किंवा नाही एवढ्यावर भागण्यासारखा हा प्रश्न नाही, म्हणून फोनवर न बोलता सविस्तर लिहिते आहे.

पहिली गोष्ट ही की ते वाक्य बहुधा सपशेल खोटे नाही. निर्गुडीच्या पानांच्या अर्काने उंदरांची सूज उतरते, हे वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी दाखवलेले आहे. मात्र ती सूज कोणती आणि ती कशी मोजतात हे कळले, की त्या वाक्याचे वजन किती धरायचे हे तुमचे तुम्हालाच ठरवता येईल.

या कामातली सर्वांत प्रचलित चाचणी विंटर, रिस्ली आणि नस या संशोधकांनी १९६२ साली मांडली. कॅराजिनन नावाचा, लाल सागरी शेवाळातून मिळणारा एक पदार्थ असतो. त्याचे एक टक्क्याचे द्रावण, जेमतेम ०.१ मिलिलिटर, उंदराच्या मागच्या पायाच्या तळव्यात टोचले की तासाभरात पाय सुजू लागतो आणि पुढच्या काही तासांत सूज शिगेला पोहोचते. सुरुवातीच्या सुजेमागे हिस्टामाइन व सेरोटोनिन ही शरीरातलीच द्रव्ये असतात, नंतरच्या सुजेमागे मुख्यतः प्रोस्टाग्लँडिन ही दाह वाढवणारी द्रव्ये असतात. त्यामुळे एखादा अर्क पहिल्या तासात काम करतो की तिसऱ्या, यावरून तो कुठे आडवा येत असावा याचा अंदाज बांधता येतो. मोजमापाची पद्धत साधी आहे. घोट्याच्या हाडाजवळ शाईने रेघ काढायची, त्या रेघेपर्यंत पाय द्रवाच्या नळीत बुडवायचा आणि किती द्रव वर सरकला ते यंत्रावर वाचायचे. ही रेघ केसभर वर गेली किंवा बुडवताना पाय तिरका झाला तर आकडा बदलतो आणि आपल्याला शोधायचा फरक तर मिलिलिटरच्या दशांशातला असतो. म्हणून मोजणारा हात सगळ्या उंदरांसाठी एकच ठेवतात आणि कोणत्या उंदराला अर्क दिला व कोणाला नुसते पाणी, हे त्या माणसाला कळू देत नाहीत. प्रसिद्ध झालेल्या अनेक निबंधांत या दुसऱ्या खबरदारीचा उल्लेखच नसतो. असा निबंध हाती आला की मी त्याच्यावर फारसा भरवसा ठेवत नाही.

आता यातली खरी मेख सांगते. बहुतेक प्रयोगांत अर्क आधी पाजतात आणि अर्ध्या-एक तासाने कॅराजिनन टोचतात, म्हणजे औषध शरीरात वाट पाहत बसलेले असते आणि सूज नंतर येते. आईच्या गुडघ्याचे दुखणे वर्षानुवर्षांचे, कूर्चा झिजल्याचे आणि सांध्याची ठेवणच बदलल्याचे आहे. चार तासांची येऊ घातलेली सूज रोखणे आणि जुनी संधिवेदना कमी करणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि पहिले जमले म्हणून दुसरे जमेलच असे नाही.

वेदनेच्या चाचण्यांची कथा याहून नाजूक आहे, कारण उंदीर कुठे दुखते ते सांगत नाही. त्याच्या वागण्यावरून ते ओळखावे लागते. एका चाचणीत ५५ अंश सेल्सिअसच्या तव्यावर छोटा पांढरा उंदीर ठेवतात आणि तो पाय चाटायला किंवा उडी मारायला किती सेकंद घेतो ते मोजतात. ठरलेली मर्यादा, सहसा १५ सेकंदांची, ओलांडली की त्याला इजा होऊ नये म्हणून उचलून घेतात. दुसरीत पोटात अतिसौम्य ॲसिटिक आम्ल टोचून पोट आखडण्याचे झटके मोजतात. पायात फॉर्मलिन हे झोंबणारे द्रव्य टोचून केलेली चाचणी मला यांत सर्वांत बोलकी वाटते, कारण तिच्यात पहिल्या पाचेक मिनिटांची वेदना थेट मज्जातंतूंची असते आणि साधारण पंधराव्या मिनिटापासून पुढची दाहाची असते, त्यामुळे अर्क कोणत्या वेदनेवर चालतो ते उलगडते. पण या सगळ्यांत एक चकवा आहे. अर्काने उंदराला गुंगी आली किंवा त्याचे स्नायू ढिले पडले, तरीही तो पाय उशिरा चाटतो आणि कागदावर ते वेदनाशमन म्हणून नोंदले जाते. म्हणून त्याच मात्रेत उंदराला फिरत्या दांड्यावर चालवून तोल सांभाळता येतो का हे पाहावे लागते. ही जोडचाचणी नसेल, तर ‘वेदनाशामक’ हा शब्द घाईने लिहिला आहे असे समजावे.

मात्रेचा हिशेब मात्र तुम्ही स्वतः करून पाहा, तुम्हाला आकडे आवडतात. अशा निबंधांत उंदराला दर किलो वजनामागे १००, २०० आणि ४०० मिलिग्रॅम अर्क देतात आणि ठळक गुण बहुधा ४०० ला येतो. सुजेच्या चाचणीतल्या मोठ्या उंदराची (रॅटची) मात्रा माणसाला लावताना ती ६.२ ने भागावी, असे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००५ च्या मार्गदर्शिकेत सुचवले आहे. म्हणजे किलोमागे सुमारे ६५ मिलिग्रॅम आणि ६० किलोच्या माणसाला जवळजवळ ३.९ ग्रॅम अर्क झाला. वाळलेल्या पानांतून दहा टक्के अर्क निघतो असे धरले, तर ती रोजची ३९ ग्रॅम वाळलेली पाने होतात. तुमच्या पत्रकातल्या गोळीत २५० मिलिग्रॅम अर्क आहे आणि दिवसाला दोन घ्यायच्या आहेत. ज्या मात्रेने गुण आला ती मात्रा आणि जी विकायला ठेवली आहे ती, यांत सात-आठ पटींचे अंतर आहे.

‘डायक्लोफेनॅकइतकाच’ या शब्दालाही थोडे खरवडावे लागते. तुलनेसाठी डायक्लोफेनॅक सहसा किलोमागे १० मिलिग्रॅमच्या आसपास देतात. त्याच्या शेजारी ४०० मिलिग्रॅम अर्क ठेवला तर बरोबरी झाली तरी ती चाळीसपट मात्रेने झालेली असते. शिवाय एका गटात सहा उंदीर असताना ‘दोन गटांत लक्षणीय फरक आढळला नाही’ असे निघाले, तर त्याचा अर्थ दोन्ही सारखे आहेत असा होत नाही. फरक पकडायला सहा उंदीर पुरले नाहीत, एवढाच कदाचित असतो.

तुम्ही म्हणाल, मग आपल्या वैद्यांनी पिढ्यान्पिढ्या वापरलेल्या वनस्पतीच्या अनुभवाला काहीच मोल नाही का? आहे, आणि माझे सगळे काम त्याच अनुभवाच्या बळावर उभे आहे. इंग्लंडमधल्या एडवर्ड स्टोन या पाद्र्याने १७६३ साली रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेला कळवले, की विलो या झाडाच्या सालीची पूड त्याने हिवतापासारख्या तापाच्या सुमारे पन्नास रुग्णांना देऊन पाहिली आणि गुण आला. १८२८ मध्ये बुख्नर यांनी त्या सालीतून सॅलिसिन हे तिच्यातले गुणकारी द्रव्य वेगळे केले, १८९७ मध्ये हॉफमान यांनी शुद्ध ॲसिटिलसॅलिसिलिक आम्ल, म्हणजे आजचे ॲस्पिरिन, तयार केले आणि ते काम कसे करते हे जॉन वेन यांनी १९७१ मध्ये दाखवले. गंमत अशी की स्टोनचा तर्कच चुकीचा होता: दलदलीत आजार होतो, तर दलदलीत वाढणाऱ्या झाडातच उपाय असणार, असे त्याला वाटे. तर्क चुकला तरी औषध खरे निघाले, कारण त्याने ते माणसांना देऊन पाहिले आणि नोंद ठेवली.

पण परंपरेचा अनुभव जसाच्या तसा गोळीला लागू होत नाही. वैद्य काढा देतात, तेल सिद्ध करतात, पाला बांधतात. प्रयोगशाळेत बहुतेक वेळा मिथेनॉलमध्ये किंवा अन्य द्रावकात अर्क काढतात. पाण्यात न उतरणारी द्रव्ये तिथे उतरतात, पाण्यात उतरणारी काही मागे राहतात, आणि वनस्पती तीच असली तरी औषध वेगळे होते. कधी कधी वनस्पतीही तीच नसते. संधिवातावरची प्रसिद्ध रास्ना घ्या: उत्तरेत त्या नावाने प्लुचिया लॅन्सिओलाटा वापरतात, दक्षिणेत कुळिंजनाच्या जातीतले अल्पिनिया गलंगा वापरतात, आणि काही ठिकाणी झाडावर वाढणारे वांडा नावाचे ऑर्किड वापरतात. तिघांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. म्हणूनच आमच्याकडे पाने येतात तेव्हा त्यांतली एक फांदी फुलांसकट दाबून, वाळवून, वनस्पतितज्ज्ञाची ओळख आणि क्रमांक घालून कायम जपून ठेवतात, जेणेकरून पुढे वाद झाला तर नेमके काय तपासले ते पाहता यावे.

हळदीबद्दल तुम्ही एका ओळीत विचारले आहे, तर थोडक्यात. हळदीतले कुर्क्युमिन हे द्रव्य पेशींवरच्या जवळजवळ प्रत्येक चाचणीत गुण दाखवते, आणि नेमके तेच संशयास्पद आहे; ते स्वतः चकाकते, प्रथिनांना चिकटते, द्रावणात टिकत नाही आणि त्यामुळे चाचणीलाच फसवते, हे २०१७ मध्ये औषधरसायनशास्त्रज्ञांनी एका दीर्घ आढाव्यात सप्रमाण मांडले. पोटातून ते रक्तात फारच थोडे उतरते. दोन ग्रॅम कुर्क्युमिनसोबत मिऱ्यातले पिपरिन २० मिलिग्रॅम दिले तर रक्तातले प्रमाण वीसपट वाढते, असे बंगळुरूच्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवले आणि तेव्हापासून हळदीच्या गोळ्यांत मिऱ्याचा अर्क घालण्याची प्रथा पडली. मात्र पिपरिन हळदीबरोबर इतर औषधांचेही रक्तातले प्रमाण वाढवू शकते आणि आई रक्त पातळ करणारी गोळी घेते. तेव्हा ही जोडगोळी तिला देऊ नका.

माणसांवरच्या चाचण्यांत सर्वांत बरी बाजू शल्लकीची, म्हणजे साळईच्या डिंकाची आहे. २००३ मध्ये नागपुरात गुडघ्याच्या झिजेच्या तीस रुग्णांवर एक चाचणी झाली. आठ आठवडे अर्धे रुग्ण अर्कावर आणि अर्धे निष्क्रिय गोळीवर होते, मग काही काळ खंड ठेवून अदलाबदल केली, आणि वेदना व सूज अर्कावर असताना कमी झाली. अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१४ च्या आढाव्यात शल्लकीचा १०० मिलिग्रॅम समृद्ध अर्क नव्वद दिवस घेणाऱ्यांची वेदना शंभराच्या मापावर सरासरी २३ होती, तर निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांची ४०. सतरा गुणांचा फरक आईला जिना चढताना जाणवावा इतका आहे, पण हे अभ्यास लहान आहेत. पुण्याच्या संशोधकांनी ४४० रुग्णांवर चोवीस आठवडे केलेली चाचणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात सुंठ, गुळवेल, आवळा आणि शल्लकी यांच्यापासून बनवलेली औषधे ग्लुकोसामिन हे सांध्यांसाठीचे पूरक आणि सेलेकॉक्सिब ही वेदनाशामक गोळी यांच्या बरोबरीची ठरली. तिच्यात निष्क्रिय गोळीचा गट नव्हता आणि काही रुग्णांत यकृतावरचा ताण दाखवणारे एसजीपीटी हे रक्तातले माप अचानक वाढले, जे औषध थांबवल्यावर पूर्ववत झाले. हे दोन्ही त्या संशोधकांनी लपवले नाही, म्हणून मला त्या चाचणीबद्दल आदर आहे. निर्गुडीच्या गोळ्यांची या तोडीची चाचणी माझ्या पाहण्यात आलेली नाही.

इथे जर्मनीत औषधांच्या दुकानात वनौषधींच्या खोक्यांवर एक वाक्य असते, ते मला फार आवडते. कलहारीच्या वाळवंटातल्या डेव्हिल्स क्लॉ या मुळाच्या, परंपरागत औषध म्हणून नोंदलेल्या गोळ्यांवर, हे औषध केवळ दीर्घ वापराच्या आधारावर या दुखण्यासाठी दिले जाते, अशा अर्थाचा मजकूर छापावा लागतो. विलोच्या सालीच्या विशिष्ट अर्काला मात्र पाठदुखीसाठी माणसांवरच्या चाचण्यांच्या आधारे वरचा दर्जा मिळालेला आहे. कशाला परंपरेचा आधार आणि कशाला चाचणीचा, हे घेणाऱ्याला खोक्यावरच कळते. तुमच्या पत्रकात हे दोन्ही एकत्र कालवले आहे.

एका गोष्टीत मात्र मी आग्रही आहे. कोणी दिलेली, घटक न लिहिलेली पुडी आईला देऊ नका, मग त्या पुडीने कितीही जणांचे गुडघे सुधारलेले असोत. दोन दिवसांत चमत्कार करणाऱ्या ‘नैसर्गिक’ गोळ्यांत न सांगता घातलेले डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड आणि डायक्लोफेनॅक सापडल्याचे इशारे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२२ मध्ये दिले होते. अशी पुडी कोणी आधीच घेत असेल तर ती एकाएकी बंद करणेही धोक्याचे असते, कारण शरीराने स्वतःचे स्टेरॉइड बनवणे थांबवलेले असते. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू सोडावी लागते. शिसे आणि पारा हा आणखी एक प्रश्न आहे: इंटरनेटवरून विकत घेतलेल्या १९३ आयुर्वेदिक औषधांची तपासणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा सुमारे पाचव्या हिश्शात जड धातू आढळले होते.

तेव्हा गोळ्या आता घेऊ नका. निर्गुडीचा पाला गरम करून शेक घेण्याला माझी हरकत नाही, चटका बसणार नाही एवढे पाहा. शल्लकी वापरून पाहायची असेल तर आधी आईच्या डॉक्टरांना तिच्या सगळ्या औषधांची यादी दाखवा, सुरू करण्यापूर्वी आणि महिन्याभराने यकृताची रक्ततपासणी करा आणि तीन महिन्यांत फरक पडला नाही तर थांबवा. मांडीच्या स्नायूंचा व्यायाम पत्रकात नाही, कारण तो विकता येत नाही; गुडघ्याच्या झिजेत त्याचा पुरावा या सर्व वनस्पतींपेक्षा भक्कम आहे, तेव्हा तो फिजिओथेरपिस्टकडून नीट शिकून घ्यायला आईला सांगा.

निर्गुडीच्या गोळ्यांच्या बाटलीच्या मागच्या बाजूचा फोटो पाठवा, ज्यात घटक, उत्पादन परवान्याचा क्रमांक आणि बॅच क्रमांक स्पष्ट दिसतील. आईला साष्टांग नमस्कार सांगा.

तुमची लेक