ज्यांनी मला बिलिंगच्या टेबलाशी बसवलं, त्या मॅडमना

आदरणीय मॅडम,
सादर नमस्कार.

एमबीएचं पहिलं वर्ष संपवून मी तुमच्या विभागात इंटर्न म्हणून आले, तेव्हा माझ्या प्रोजेक्टचं नाव होतं ‘खेळत्या भांडवलाच्या व्यवस्थापनाचा अभ्यास’. ते वाचून तुम्ही विचारलंत, “८ आठवड्यांनंतर यातून कोणता निर्णय घेता येईल? आणि तो घेणार कोण?” त्या भारदस्त नावाच्या जागी मग एक साधा प्रश्न आला: ग्राहकांकडून पैसे उशिरा का येतात? पुढचं सगळं काम त्या प्रश्नावर उभं राहिलं, म्हणून पहिले आभार त्याचे.

हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय, कारण आमच्याकडे इंटर्नशिपचा विषय निघाला की कंपनीचं नाव, शेवटचं प्रेझेंटेशन आणि नोकरीची ऑफर यांच्यापलीकडे गप्पा जात नाहीत. मधल्या आठवड्यांत काय घडू शकतं, हे माझ्या मागून येणाऱ्यांना कळायला हवं.

वसुलीचा सरासरी कालावधी काढायला मी वर्गात शिकले होते: येणेबाकी भागिले उधारीची विक्री, गुणिले ३६५. बहुतेकजण वेळेवर पैसे देत असले आणि मोजकेच फार थकवत असले, तरी ते त्या एका आकड्यात दिसत नाही. तुम्ही एजिंग रिपोर्ट, म्हणजे कोणती बाकी किती दिवसांपासूनची आहे याचा तक्ता, करायला लावलात. ३० दिवसांपर्यंतची बाकी, ३१ ते ६०, ६१ ते ९० आणि त्यापुढची, असे रकाने पाडल्यावर पैसे नेमके कुठे अडकलेत ते दिसलं. का अडकलेत, ते मात्र कोणत्याच रकान्यात नव्हतं.

तेव्हा तुम्ही मला लॅपटॉप ठेवून, फक्त वही घेऊन बिलिंगच्या टेबलाशी बसायला पाठवलंत. तिथल्या सहकाऱ्यांनी परत आलेल्या बिलांची फाइल माझ्यापुढे उघडली. परचेस ऑर्डरचा नंबर जुळत नाही, माल पोचल्याची सही-शिक्क्याची पावती जोडलेली नाही, दर ऑर्डरपेक्षा वेगळा लागलाय. असं बिल ग्राहकाकडे मंजूरच होत नाही, पण आपल्या सिस्टिममध्ये उधारीचे दिवस बिलाच्या तारखेपासून मोजले जात राहतात. म्हणजे ज्यांना आपण थकबाकीदार धरत होतो, त्यांतल्या कित्येकांच्या हातात पैसे देण्याजोगं बिल पोचलेलंच नव्हतं. वसुलीचे फोन वाढवून हा प्रश्न सुटला नसता. बिल पाठवण्याआधीची तपासणी सुधारायला हवी होती. वर्गातल्या केस स्टडीमध्ये आकडे निवडून हातात दिलेले असतात. ते कोणाच्या टेबलावरून येतात, हे मला त्या फाइलने शिकवलं.

दर शुक्रवारी तुम्ही माझ्याकडून छोटी नोंद मागायचात: काय कळलं, काय अडलं, कोणाकडून काय हवं. मधल्या आढाव्याला “अर्धवट आहे तसंच दाखव, अजून दिशा बदलायला वेळ आहे,” म्हणालात. कॉलेजच्या अहवालात ग्राहकांची नावं आणि रकमा जाऊ नयेत म्हणून सांकेतिक क्रमांक आणि टक्केवारी वापरायला शिकवलंत. शेवटच्या आठवड्यात स्लाइड्सपेक्षा जास्त वेळ हँडओव्हरच्या फाइलला द्यायला लावलात, म्हणजे माझ्यानंतर कोणालाही तो रिपोर्ट चालवता येईल. इंटर्नकडून एवढी अपेक्षा ठेवणं हा मला मिळालेला सर्वांत मोठा मान होता.

ऑफरबद्दलही तुम्ही आशेवर ठेवलं नाहीत. यंदा जागा नाही, हे मध्यावरच स्पष्ट सांगितलंत, त्यामुळे मी इतरत्र वेळेत तयारी करू शकले. शिवाय काय जमलं आणि काय अजून कच्चं आहे, ते उदाहरणांसह लिहून दिलंत.

दुसऱ्या वर्षाला मी फायनान्सबरोबर ऑपरेशन्सचे विषय घेतले आहेत, ते त्या फाइलमुळेच. एक विनंती आहे. हे पत्र बिलिंगच्या सहकाऱ्यांनाही वाचून दाखवाल का? स्वतःचं काम बाजूला ठेवून त्यांनी मला एकेक बिल समजावलं, आणि निघताना त्यांचे आभार नीट मानायचे राहून गेले होते.

आपली कृतज्ञ,
गेल्या उन्हाळ्यातली तुमची इंटर्न