रावेरच्या मित्रास पत्र

धुळे,
14 जून

प्रिय मित्रा,

प्रभू येशूमध्ये सप्रेम सलाम.

तुझे पत्र मिळाले. कापणीवर आलेली केळीची बाग वादळाने एका संध्याकाळी आडवी केली, वहिनींचे डायलिसिस आता आठवड्यातून दोनदा करावे लागते, आणि त्यातच प्रार्थनासभेत कोणी तुला ऐकवले की विश्वास कमी पडला म्हणूनच हे सारे तुझ्या घरावर आले. या शेवटच्या गोष्टीचा मला फार राग आला, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो.

बायबलमधल्या, मुलेबाळे आणि संपत्ती गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्याने बसले, तोवर ते खरे मित्र होते. तोंड उघडल्यावर मात्र त्यांनी देवाची बाजू घेतली आणि सगळा दोष ईयोबाच्या माथी मारला. पुस्तकाच्या शेवटी देव कोणावर संतापतो ते बघ: त्याची वकिली करणाऱ्या अलीफजावर आणि त्याच्या दोघा सोबत्यांवर. ज्याने अखंड तक्रार केली, त्या ईयोबाबद्दल तो म्हणतो की माझ्याविषयी हाच यथार्थ बोलला. आणि त्या मित्रांसाठी प्रार्थना करण्याचे कामही त्याच्याकडेच सोपवतो.

तू लिहितोस की प्रार्थनेला बसलो तर तक्रारच निघते, म्हणून आता बसतच नाही. अरे, तक्रार घेऊनच बस. 88वे स्तोत्र काढून वाच. बहुतेक विलापस्तोत्रे कुठेतरी वळून स्तुतीकडे जातात. हे वळत नाही, अंधारातच संपते, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. ते म्हणणाऱ्याने आशेचा एक शब्दही उसना आणलेला नाही. त्याने एवढेच केले की आपले गाऱ्हाणे दुसऱ्या कोणाकडे न नेता रात्रंदिवस परमेश्वराकडेच नेले. माझ्या मते दुःखातले शिष्यपण इथेच सुरू होते, आणि पुष्कळ दिवस ते याहून पुढे गेले नाही तरी चालते.

वहिनी बऱ्या व्हाव्यात म्हणून प्रार्थना करायचीच. याकोबाने आपल्या पत्रात सांगितल्याप्रमाणे मंडळीच्या वडिलांना बोलावून तेल लावून घ्या, आणि डायलिसिसचा एकही दिवस चुकवू नका. या दोहोंत विरोध नाही. प्रेषित पौलाने आपल्या शरीरातला काटा, म्हणजे सतत छळणारी पीडा, निघावा म्हणून तीनदा विनंती केली, काटा राहिला, कृपा मिळाली. त्याचा विश्वास कमी होता असे तुझ्या त्या सभेतही कोणी म्हणणार नाही.

या दिवसांत मला पंडिता रमाबाईंची फार आठवण येते. दुष्काळाच्या फेऱ्यात त्यांचे आईवडील गेले, मग बहीण गेली, 1880 साली भाऊ गेला, 1882 साली पती गेले. पुढे 1896-97च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या निराधार मुलींना आणायला त्या स्वतः गेल्या; उपाशी माणूस कसा मरतो हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. 1921 साली एकुलती एक मुलगी मनोरमाही गेली. बायबलच्या मराठी भाषांतराचे काम तरीही चालू राहिले, आणि 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई प्रभूकडे गेल्या. त्यांना दुःख कमी झाले असेल असे मी म्हणत नाही. हातातले काम त्यांनी दुःखाच्या स्वाधीन केले नाही, एवढेच म्हणतो.

तुझ्या घरातही हे आहे. मागच्या भेटीत वहिनींनी हिचा हात आपल्या हातावरच्या फिस्टुलावर, म्हणजे डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने जोडलेल्या रक्तवाहिन्यांवर, ठेवला होता. आत रक्त थरथरत धावते ते बोटांना कळते. ही गप्पच झाली. वहिनी मात्र लगेच म्हणाल्या, पलीकडच्या खाटेवरच्या बाईंना घरून डबा येत नाही, त्यांची काही सोय करता येईल का? स्वतः पाणीसुद्धा मोजून पिणारी बाई दुसरीच्या जेवणाची काळजी करीत होती.

आता पंचनाम्याचे. आडव्या झालेल्या झाडांचा आकडा वाढवून सांग, सगळेच सांगतात, असे तुला सुचवले गेले आणि तुझे मन डळमळले. कर्ज, औषधे, मजुरांची थकलेली मजुरी हे सगळे डोक्यावर असताना ते डळमळणारच. पण वादळ आणि आजार तुझ्यावर न विचारता आले. येशू जो वधस्तंभ दररोज उचलायला सांगतो, तो माणूस आपण होऊन उचलतो. आणि मला वाटते, आज तुझ्यासाठी तो त्या आकड्यात आहे. जेवढी झाडे पडली तेवढीच सांग. त्याने पैसे कमी मिळतील हे मला कळते, आणि दुरून उपदेश करून मोकळे होणे मला जमणार नाही. मजुरांचे जे देणे उरले आहे ते आपण दोघे मिळून फेडू. माझ्या सोयाबीनच्या पैशातले थोडे शिल्लक आहेत. परत कधी करायचे ते नंतर बघू.

गुरुवारी पंचनाम्याला माणसे येणार म्हणतोस आणि त्याच दिवशी डायलिसिसही आहे. मी बुधवारी रात्रीच येतो. वहिनींना जळगावला मी आणि ही घेऊन जाऊ, त्या बाईंचा डबाही आम्हीच नेऊ. तू शेतात थांब आणि झाडे स्वतः मोजून दे.

तुझा,
धुळ्याचा मित्र